हरणीचं लंघन

श्रावण लागला की मी आधी मांजराचे कान बघते. बाकीचे लोक आभाळाकडे बघतात, कालव्याला पाणी कधी सुटणार ते विचारतात. मी आपली सकाळी ओसरीवर बसते, मांजर मांडीवर घेते आणि त्याचा कान उलटा करून उजेडाकडे धरते. आतलं कातडं गुलाबी दिसलं की माझा तो दिवस बरा जातो. घरच्यांना याची सवय झाली आहे. धाकटा मुलगा म्हणतो, आईनं कान तपासायला घेतले, म्हणजे आता महिनाभर घरात मटण नाही.

आमच्या सणसरकडचा श्रावण पाठ्यपुस्तकातल्यासारखा नसतो. ऊन-पावसाचा खेळ वगैरे इकडे फारसा कुणी पाहिलेला नाही. आभाळ खाली येतं, काळं होतं, दिवसभर डोक्यावरून पूर्वेला सरकत राहतं आणि थेंब न टाकता निघून जातं. हवा कोंदते. भांड्यातलं मीठ ओलं होतं, पण अंगण कोरडंच. घराच्या तिन्ही बाजूंना गेल्या पावसाळ्यात लावलेला आडसाली ऊस दोन पुरुष उंच झालेला असतो. त्यात कुत्रं शिरलं तर दिसत नाही, नुसती पानं हलताना दिसतात, आणि थोड्या वेळानं तीही थांबतात. माणसं त्या बाजूला फार वेळ बघत नाहीत, का ते सांगता येत नाही. मी मात्र एका श्रावणात रोज तिकडेच बघत होते, कारण म्हातारं-आजारी मांजर घरात मरत नाही, उसात निघून जातं, असं मला कुणीतरी सांगितलं होतं.

ते साल एक्क्याण्णव की ब्याण्णव, आता नक्की आठवत नाही. वैशाखात माझं लग्न झालं आणि मी वालचंदनगरच्या कॉलनीतून सणसरला आले. अंतर म्हणाल तर फार नाही, पण कॉलनीत कारखान्याच्या भोंग्यावर दिवस चालायचा आणि इथं म्हशीवर. ह्यांची नोकरी इंदापूरला कचेरीत. शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. मधले दिवस घरात दोघीच, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायची.

आत्यांनी अर्धा जन्म मेंढरांमागं काढला होता. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकायचं आणि घाट उतरायचा, पावसाच्या तोंडाला परत यायचं. पुढं कालव्याचं पाणी शेतात आलं, ऊस आला, मेंढरं गेली. सासरे मी यायच्या आधी दोन वर्षं गेले. राहिली ती हरणी, तांबूस रंगाची, पांढऱ्या गळ्याची मांजर. नावसुद्धा मेंढीचंच ठेवलेलं. सासरे गेल्यापासून ती आत्यांच्या अंथरुणाच्या पायथ्याला निजायची. आत्या तिला शेजारीपाजारी ‘माझी शेवटची मेंढी’ म्हणून दाखवायच्या आणि हसायच्या. पण ते हसणं लवकर संपायचं.

आत्या फार कमी बोलायच्या. कजाग सासूची मी माहेरून तयारी करून आले होते, उत्तरंसुद्धा पाठ होती. पण इथं भांडणच नव्हतं. भाकरी करपली तरी गप्प, पाणी सांडलं तरी गप्प. मला ते राग धरल्यासारखं वाटायचं. तीन महिने मी त्या घरात पाहुण्यासारखी चवड्यावर चालले. कारणावाचून माझ्याजवळ येणारा जीव एकच, हरणी. मी चुलीपाशी बसले की पाठीला अंग घासायची. माहेरी दुधाचा रतीब मोजका, मांजराच्या वाट्याला पातेलं खंगाळलेलं पाणी यायचं. इथं दोन म्हशी. पहाटे धार काढून झाली की किटली डेअरीला जायच्या आधी मी एक पळीभर निरसं दूध जर्मनच्या म्हणजे अॅल्युमिनियमच्या वाटीत ओतून हरणीपुढं सरकवायची. एका पळीच्या दोन पळ्या झाल्या, मग सायही जाऊ लागली. चोरूनच. विचारलं असतं तर आत्या नाही म्हणाल्या नसत्या, हे आज कळतं. तेव्हा विचारायचीच लाज वाटत होती.

दोन महिन्यांत हरणी गुबगुबीत झाली. उंदरांच्या मागं धावणं तिनं सोडून दिलं. रशीदाकाकी एकदा तिला उचलून म्हणाल्या, “ह्ये मांजर हाय का लोड? हिला काय खायला घालताय?” रशीदाकाकी आमच्या शेजारच्या. त्यांच्या घरची पिठाची गिरणी होती आणि त्यांच्या भुवयांवरसुद्धा कायम पीठ असायचं. मी चुलीतलं लाकूड आत सारलं. आत्या किटली घासत राहिल्या.

मग आखाड आला. आमच्याकडे आखाडात जेवढं मटण होतं तेवढं वर्षात होत नाही. पुढं महिनाभर बंद, म्हणून आधीच भरून घ्यायचं. हरणीलाही हाडकं, चरबीचे तुकडे, रश्श्यात कुस्करलेली भाकरी. अमावस्या झाली आणि दुसऱ्या दिवशी आत्यांनी चूल सारवली, मटणाचं पातेलं माळ्यावर पालथं घातलं. आता महिनाभर घराच्या उंबऱ्याच्या आत मटण, मासा, अंडं काही नाही. हा त्यांच्या सासूपासून चालत आलेला नेम. हरणी रोज त्या माळ्याखाली जाऊन वर बघत बसायची. मला तिची दया आली आणि मी दूध आणखी वाढवलं.

श्रावणाच्या चौथ्या दिवशी कणगीमागं घाण वास आला. हरणीचं पोट बिघडलं होतं. पातळ, आंबूस, पिवळट. दिवसातून सहा-सात वेळा. ती बिचारी बाहेर जायला धडपडायची आणि दारापर्यंत पोचायची नाही. मी राख टाकून पुसत होते, आणि कारण काय ते मला माहीत होतं.

आत्यांनी तिच्या पोटावरून हात फिरवला. “लंघन करायचं,” त्या म्हणाल्या. “पावसाळी गवात खाऊन मेंढराचं पोट सुटलं की आमी त्येला येगळं बांधायचो. दोन दिस तोंडाला कायबी लावायचं न्हाय. तिसऱ्या दिशी उठून उभं ऱ्हायाचं.”

त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदाच रुबाब ऐकला. शेकडो मेंढरं त्या हातांनी उठवली होती. मी एवढंच म्हणू शकले असते की आत्या, हे दुधानं झालंय, दूध बंद केलं की पुरे, तिला उपाशी नका ठेवू. पण मग दुधाची चोरी उघडी पडली असती. मी मान हलवली.

हरणीला दावणीजवळच्या खोलीत कोंडलं, पाण्याची परात ठेवली. पहिल्या दिवशी ती ओरडली. दुसऱ्या दिवशी तिचं ओरडणं बारीक झालं. जुलाब थांबले. आत्या म्हणाल्या, “बगितलंस? आता आनिक येक दिस ऱ्हाऊ दे, पोट बसू दे.” तिसऱ्या दिवशी ती गप्प होती. तिच्या गप्पपणानं आम्हाला बरं वाटलं, याची मला आजही शरम वाटते.

चौथ्या दिवशी दार उघडलं. मी भाकरी दुधात कुस्करली होती, हो, पुन्हा दुधातच. हरणीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. परातीजवळ भिंतीकडे तोंड करून अंग चोरून बसली. पाण्यावर मान झुकवायची पण पाणी प्यायची नाही. वाटीतल्या दुधावर जाड साय धरली, सायीवर मुंग्या चढल्या. त्या दुपारी मी पहिल्यांदा उंदीर भर उजेडात पाहिला. कणगीच्या कडेवरून तो सावकाश चालत गेला, मध्ये थांबला आणि हरणीकडे बघून पुन्हा चालू लागला.

पाचव्या दिवशी आत्या भिंतीतल्या देवाच्या देवळीपुढं बसल्या आणि मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “बिरोबा, हरणी खाईस्तोवर म्या येकच येळ खाईन. सोमवारी त्ये बी न्हाय.” म्हणजे आता घरात दोन जीव उपाशी. मी स्वयंपाक करत होते आणि ताटं तशीच परत येत होती.

रशीदाकाकी दळण द्यायला आल्या तेव्हा हरणीला बघून दारातच थांबल्या. “किती दिस झालं हिनं खाल्लं न्हाय?”

“पाच,” मी म्हणाले. “आधी लंघन केलं होतं. आता स्वतःच खात नाही.”

काकींनी दळणाचा डबा खाली ठेवला. “आगं, आमच्यात आजाऱ्यानं रोजा धरायचा नसतोय. देवानंच माफ केलाय. मग ह्या मुक्या जिवाला का धरायला लावला तुमी?” मग त्यांनी हरणीचा कान उलटा केला. आतलं कातडं हळद लावल्यासारखं पिवळं होतं. हिरड्याही तशाच. “बारामतीला ने,” त्या एवढंच बोलल्या, हळू आवाजात.

आत्यांना विचारलं तर त्या लगेच म्हणाल्या, “ने.” दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. दुरडीत हरणी, वर फडकं बांधलेलं. इंदापूरहून बारामतीला जाणारी एसटी सणसरला थांबली. कंडक्टर म्हणाला, “कोंबडी हाय का? अर्धं तिकीट लागंल.” मी मांजर म्हटल्यावर गाडी हसली. मांजराला कुणी दवाखान्यात नेतं का, असं एक तात्या मोठ्यानं म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत होते. दोन्ही बाजूंना ऊस, ऊस, वर ते न गळणारं आभाळ. दुरडीतून आवाज येत नव्हता. प्रत्येक थांब्यावर मी फडक्यातून बोट घालून तिचा श्वास बघत होते.

तिथले जनावरांचे डॉक्टर वयस्कर होते. म्हशीच्या शिंगाला मलम लावून आले, हात धुतले आणि हरणीला टेबलावर ठेवलं. तिच्या हिरड्या बघितल्या, पोट दाबून बघितलं.

“उपाशी किती दिवस?”

“आज सहावा. मेंढरांना करतात तसं लंघन केलं होतं.”

“हे बघा बाई, मेंढरू चार पोटांचं. त्याचं गणित वेगळं. मांजराला उपास सोसत नाही. त्यात जाड मांजर. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही की अंगातली चरबी लिव्हरवर जाऊन बसते. मग भूकच मरते. भूक मेली की खात नाही, खात नाही म्हणून लिव्हर आणखी बिघडतं.” त्यांनी चष्मा काढला. “दूध किती घालता?”

“थोडंसं,” मी म्हणाले.

“ते बंद. मोठ्या मांजराला दूध पचत नाही, लोकांना उगाच वाटतं. हिला मांस लागतं. कोंबडी उकडा, मीठ नाही, मसाला नाही, कांदा-लसणाचा वासही नाही. त्याचा बारीक लगदा करून त्याच्याच पाण्यात कालवा आणि ह्या बिनसुईच्या सिरींजनं गालाच्या कडेनं भरवा. एकदम नाही. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. तीन आठवडे लागतील. खाणं हेच औषध. बाकी मी देतो ते निमित्ताला.”

दर दोन-तीन तासांनी कोंबडी. श्रावणात. परतीच्या गाडीत आत्यांना सांगायचं वाक्य मी शंभरदा जुळवलं आणि शंभरदा मोडलं. घरी आल्यावर आत्या दारातच उभ्या होत्या.

“काय म्हनला डाक्टर?”

“औषध दिलंय,” मी म्हणाले. “आणि थोडं थोडं भरवायला सांगितलंय. पातळ.” कोंबडी हा शब्द मी गिळला. सासूच्या सासूपासून चालत आलेला नेम तीन महिन्यांची सून कशी मोडणार? आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि देवळीतला दिवा सारखा करत बसल्या.

मी दुसरी वाट काढली, आणि तिचा मला तेव्हा अभिमान वाटला. रशीदाकाकी त्यांच्या चुलीवर वेगळ्या पातेल्यात बिनमिठाची कोंबडी शिजवायच्या. दळणाचं निमित्त काढून सकाळी एकदा आणि दुपारी एकदा मी हरणीला पदराखाली घेऊन जायची. काकी मान धरायच्या, मी भरवायची. एरवी घरी तांदळाची पेज आणि मुगाचं पाणी. डॉक्टरांनी सात-आठ वेळा सांगितलं होतं, कोंबडी पोटात जात होती दोनदा. रोज इतकं दळण कुणाच्या घरी निघतं, हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही. चोराला आपली पावलं वाजत नाहीत असं वाटत असतं.

आता हे लिहिताना हसू येतं की रडू, कळत नाही. हल्ली बारामतीच्या दुकानात मांजराचं खाणं पिशवीत मिळतं. पोट नाजूक असलेल्या मांजरांचं वेगळं, म्हाताऱ्यांचं वेगळं. पुण्याहून भाच्या मला फोन करतात, मावशी, मांजराचं पोट बिघडलंय, काय करू? मी म्हणते, दूध बंद कर. नवं खाणं एका दिवसात बदलू नकोस, जुन्यात मिसळून आठवडाभरानं बदल. उकडलेली कोंबडी दे, चमचाभर लाल भोपळा दे, पाणी भरपूर ठेव. आणि एक दिवसाच्या वर उपाशी राहिलं तर माझ्याशी बोलत बसू नकोस, डॉक्टरकडे पळ. त्यांना वाटतं मावशीला मांजरांचं फार कळतं. मला जे कळतं ते एका मांजराच्या जिवावर शिकलेलं आहे. फोन ठेवला की मी उठून आपल्या मांजराचा कान उलटा करून बघते.

काकींकडे भरवणं सुरू केलं त्या आठवड्यात मध्येच हरणी सुधारली. एका सकाळी काकींच्या ओट्यावर तिनं स्वतःहून बोटावरचा लगदा चाटला. काकी ओरडल्याच, “बग, बग, भूक आली!” मी घरी पळत आले. आत्यांना सांगितलं, “हरणीनं चाटलं!” काय चाटलं ते सांगितलं नाही. आत्यांचा चेहरा एकदम सैल झाला. तोवर त्यांचे गाल आत गेले होते, उठताना त्या भिंतीला धरायला लागल्या होत्या. ते मला दिसत होतं आणि दिसत नव्हतं. माझं सारं लक्ष मांजराच्या कानात. कान अजून पिवळेच होते.

मग ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली. पेज ओकू लागली. उंदीर आता दिवसासुद्धा लपत नव्हते. माळ्यावर, चुलीमागं, देवळीत नैवेद्याच्या गुळाला. आत्या काठी आपटायच्या आणि ते थोडंसं सरकायचे. हवा तशीच कोंदलेली. शनिवारी हे आले, वर बघून म्हणाले, “आज पडेल.” पडला नाही. रविवारी संध्याकाळी हरणी उठली, लडखडत अंगणात गेली आणि उसाच्या कडेला जाऊन बसली. मी तिला उचलून आत आणलं. ती पुन्हा गेली. मी पुन्हा आणलं. तिसऱ्यांदा ती जाऊ शकली नाही.

सोमवारी ह्यांची गाडी गेल्यावर मी दावणीजवळच्या खोलीत गेले. परातीतलं पाणी हललं नव्हतं. हरणी लांब होऊन पडली होती. अंग गार होतं.

आत्यांनी तिला पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं. बांधावर त्यांनीच खड्डा काढला. मला खोरं दिलं नाही. माती लोटून झाली आणि त्या तिथंच बसल्या. मी उभी. मागं ऊस, त्यात कुठंतरी काहीतरी चालल्याचा आवाज. मला आता राहवेना.

“आत्या, माझ्यामुळं झालं. मी तिला दूध घालत होते. रोज. चोरून.”

“म्हाईत हाय,” आत्या म्हणाल्या.

“तुम्हाला माहीत होतं?”

“किटलीत दूध कमी भरायचं, मला कळंना व्हय? नवी पोर हाय, घरात कुनी बोलाय न्हाय, मांजरासंगं रमती तर रमू दे म्हनलं. बोलले असते तर तुज्या जिवाला लागलं असतं.” त्या मातीवर हात फिरवत होत्या. “आनी रशीदाच्या घरी काय भरवतीस त्ये बी म्हाईत हाय. तुज्या हाताला वास यायचा.”

मी तिथंच खाली बसले. “मग बोलला का नाहीत?”

“तू इचारशील म्हनून वाट बगत हुते. इचारलं असतंस तर म्या माज्या चुलीवर शिजवलं असतं. उठता-बसता भरवलं असतं. नेम मोडला तर देवाला काय सांगायचं त्ये म्या सांगितलं असतं, नंदा. तुला कशाला भ्या?”

आत्यांनी माझं मन राखलं होतं, मी त्यांचा नेम राखला होता, आणि दोघींच्या मध्ये ते मांजर भुकेनं मेलं होतं. जगात एवढी समजूतदार माणसं नसावीत, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. भांडलो असतो तर ती वाचली असती.

आत्या उठायला गेल्या आणि त्यांचा तोल गेला. मी दंड धरला. दंड कसला, नुसतं हाड हाताला लागलं. त्यांनी दोन आठवड्यांत काय खाल्लं होतं ते माझ्या डोळ्यांपुढं आलं, आणि मी घाबरले. मांजराची भीती वेगळी होती. ही त्याहून मोठी होती.

“चला घरात. जेवा,” मी म्हणाले.

“आज सोमवार हाय.”

“असू दे सोमवार. मी आत्ता वाढणार आणि तुम्ही जेवणार.” त्या घरात मी एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. माझाच आवाज मला परका वाटला. “आजाऱ्याला उपास नसतो. तुम्ही जेवल्याशिवाय मी इथून हलणार नाही.”

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं का आणखी कशानं, ते मला आजही सांगता येत नाही. मग त्या माझ्या हाताला धरून चालू लागल्या.

मी भाकरी थापली, कालची आमटी गरम केली, ताट त्यांच्यापुढं ठेवलं आणि समोर बसून राहिले. त्यांनी एक घास घेतला. चावला. दुसरा घेतला. मग हात थांबला.

“आमटीत मीठ जास्त झालंय,” त्या म्हणाल्या.

लग्न होऊन आल्यापासून माझ्या हातच्या जेवणाला त्यांनी नाव ठेवलं ते तेव्हा पहिल्यांदा. मी चुलीकडे तोंड फिरवलं आणि रडू लागले. माझ्या मागं आत्या जेवत होत्या.